साधनशुद्धि आणि ज्ञान

साध्य चांगलें असेल तर साधनाची चिकित्सा कितपत करावी, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदा चर्चिला गेला आहे. १९०९ सालीं लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ ह्या पुस्तकांत गांधीजींनीं साधनाला बीजाची व साध्याला वृक्षाची उपमा दिली. ही दृष्टि संतांना शोभणारी असली तरी संसाराच्या उपयोगाची नाहीं, असें म्हणून व्यवहारचतुर मंडळींनीं ती बाजूला सारली. हा वाद बहुधा राजकारणाच्या आखाड्यांत होतो, आणि तेथें रागलोभाची धूळ इतकी उडते कीं, मूळ प्रश्न नीट दिसतच नाहीं. म्हणून जेथें मनुष्याची कायमची वस्ती नाहीं अशा दक्षिण ध्रुवाकडील हिमभूमीवर घडलेल्या एका गोष्टीच्या आधारें तो तपासून पाहूं.

अंटार्क्टिकाच्या अंतर्भागांत व्होस्टोक नांवाचें रशियन ठाणें आहे. १९८३ सालच्या जुलै महिन्यांत तेथें शून्याखालीं ८९.२ अंश सेल्सिअस इतक्या थंडीची नोंद झाली. अशा ठिकाणीं वर्षानुवर्षें खपून तेथील लोकांनीं बर्फांत खोल छिद्र पाडलें व त्यांतून बर्फाचे दंडगोल बाहेर काढले. त्या बर्फांत कोंडलेल्या प्राचीन हवेच्या बुडबुड्यांवरून सुमारें ४,२०,००० वर्षांच्या हवामानाचा इतिहास १९९९ सालीं जगापुढें आला. बर्फ घन दिसला तरी प्रचंड दाबाखालीं तो हळूहळू सरकतो, आणि रिकामें छिद्र मिटत जातें. तें उघडें राहावें म्हणून त्यांत न गोठणारा द्रव भरावा लागतो. व्होस्टोकला केरोसीन व फ्रिऑन ह्यांचें मिश्रण भरलें होतें. बर्फाचा इतिहास वाचण्यापुरतें ह्या साधनाला कोणी नांवें ठेवलीं नसतीं.

परंतु ह्याच ठाण्याच्या खालीं, सुमारें पावणेचार किलोमीटर बर्फाच्या तळाशीं, २५० किलोमीटर लांबीचें एक सरोवर आहे, हें १९९६ सालीं स्पष्ट झालें. लक्षावधि वर्षें सूर्यप्रकाशापासून तुटलेल्या त्या पाण्यांत जीव असतील काय? हा प्रश्न उभा राहतांच केरोसीनकडे पाहण्याची दृष्टि पालटली. १९९८ सालीं ३,६२३ मीटर खोलीवर, सरोवरापासून सुमारें १२० मीटर अंतर राखून, काम थांबविण्यांत आलें. पुढें तें पुन्हा सुरू झालें, व ५ फेब्रुवारी २०१२ रोजीं छिद्र पाण्याला भिडलें. द्रव खालीं न जातां सरोवराचें पाणीच वर चढावें अशी योजना होती, व तसें तें चढून गोठलें. पण तो नमुना केरोसीनच्या संगतीनेंच हातीं आला. २०१३ सालीं त्यांत एका अज्ञात जीवाणूचा माग लागल्याची वार्ता प्रसिद्ध होतांच, हा जीव सरोवरांतला कीं छिद्रांतल्या द्रवांतला, असा वाद उठला. साध्य हातीं आलें, पण तें ओळखतां येईना!

त्याच सुमारास अमेरिकेंतील नेब्रास्का विद्यापीठाच्या यंत्रज्ञांनीं निराळें साधन सिद्ध केलें. उष्ण पाण्याच्या धारेनें बर्फ वितळवीत खालीं जावयाचें. तें पाणीहि सूक्ष्म गाळण्यांतून गाळलेलें, अतिनील किरणांखालून नेलेलें व जंतु मरावेत इतकें तापविलेलें. सरोवरांत सोडावयाचीं उपकरणें हायड्रोजन पेरॉक्साइडनें धुतलेलीं. जानेवारी २०१३ मध्यें सुमारें ८०० मीटर बर्फ भेदून हे लोक अंटार्क्टिकांतील व्हिलन्स सरोवरापर्यंत पोंचले. तेथील पाण्याच्या एका मिलिलिटरांत सुमारें १,३०,००० सूक्ष्म पेशी आढळल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें.

न्यायाकरितां एवढें सांगितलें पाहिजे कीं, ८०० मीटर म्हणजे पावणेचार किलोमीटर नव्हेत. शिवाय वितळवून टाकलेल्या बर्फाचा इतिहास वाचतां येत नाहीं. केरोसीन बर्फापुढें निरुपद्रवी, तर सरोवरापुढें सदोष. उष्ण पाणी सरोवरापुढें सौम्य, तर बर्फाच्या इतिहासापुढें घातक. ह्याचा अर्थ असा कीं, साधनाची शुद्धि त्याच्या अंगीं स्वभावतः नसते; ती साध्याशीं असलेल्या त्याच्या संबंधावरून ठरते. म्हणून साध्य बदललें कीं साधनाची परीक्षा नव्यानें केली पाहिजे. काल चाललें तें आजहि चालेल, हा विवेक नव्हे, आळस होय.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, संपूर्ण शुद्धि तरी कोणाला साधली आहे? आक्षेप खरा आहे. नेब्रास्काच्या साधनानेंहि सरोवराला स्पर्श हा केलाच. पण ह्या मोहिमेंतील शास्त्रज्ञांनीं छिद्रासाठीं वापरलेल्या स्वतःच्या पाण्याचेहि नमुने घेऊन त्यांत कोणते जंतु आहेत हें तपासलें. आपलें कोणतें व सरोवराचें कोणतें, हें निवडतां यावें म्हणून. आपण निर्मळ आहों अशी ग्वाही देणें वेगळें, आणि आपल्या मळाचें मोजमाप ठेवणें वेगळें. मनुष्याच्या आटोक्यांतली साधनशुद्धि ही दुसऱ्या प्रकारची आहे.

घरांतहि हाच न्याय लागू पडतो. धाक दाखवून मुलाकडून वदवून घेतलेली गोष्ट सत्य आहे कीं धाकाचाच प्रतिध्वनि आहे, हें बापाला कळण्याचा मार्ग उरत नाहीं. त्यानें विचारलें सत्य, पण उत्तरांत त्याचा स्वतःचा आवाज मिसळून गेलेला असतो. व्यवहारचतुरांनीं साधनशुद्धीला साध्याच्या मार्गांतील अडचण मानलें. ज्ञानाच्या प्रांतांत तरी ती अडचण नव्हे. हातीं आलेलें साध्य खरोखर तेंच आहे, हें ओळखण्याची ती अट आहे.