सर्व दिशा सारख्याच?

लांबी ही गोष्ट किती चंचल आहे, हे भिलाईकरांना कुणी सांगावे लागत नाही. इथल्या पोलाद कारखान्यातला 260 मीटरांचा रूळ एका अंशाच्या उष्णतेने सुमारे तीन मिलिमीटर वाढतो. वैशाखातल्या दुपारी आणि पौषातल्या पहाटे तो एकच रूळ एका मापाचा नसतो. पोलादही जिथे ऋतूंच्या अधीन, तिथे अविचल म्हणावे असे या सृष्टीत काय आहे, या विचारात गुंतलो की मी प्रकाशापाशी येऊन थांबतो.

प्रकाशाचा वेग सर्व दिशांना सारखा, हे सापेक्षतेचे अधिष्ठान. 1887 साली मायकेल्सन आणि मॉर्ले यांनी क्लीव्हलँडमध्ये पाऱ्यावर तरंगणारी शिळा फिरवत, सेकंदाला 30 किलोमीटर धावणाऱ्या पृथ्वीच्या गतीची खूण प्रकाशात शोधली. ती सापडली नाही. पुढे शिळेची जागा अनुनादकांनी घेतली. ज्याच्या अंतरंगात विद्युतचुंबकीय तरंग घुमत राहतो आणि आकारमानाशी जुळणारी कंपनेच तेवढी टिकतात, असा हा स्फटिक किंवा अशी ही पोकळी. दोन अनुनादक काटकोनात ठेवून मेज फिरवत राहायचे. एखादी दिशा प्रकाशाला अधिक प्रिय असेल, तर एका सुरात लावलेल्या दोन तंबोऱ्यांपैकी एक किंचित उतरावा तसा त्यांच्या कंपनसंख्यांत फरक पडेल. बर्लिनमध्ये ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांच्या साथीने नीलमाचे असे दोन स्फटिक द्रव हेलियमच्या थंडीत ठेवून वर्षभर फिरवले गेले. 2015 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की एकावर अठरा शून्ये इतक्या भागांत एक, एवढ्या सूक्ष्मतेपर्यंत भेद आढळला नाही. भिलाईच्या अख्ख्या रुळावर हे प्रमाण मांडले, तर ती लांबी एका प्रोटॉनच्या रुंदीतही सहज मावेल.

उत्तर ठाऊक असलेला प्रश्न इतक्या निष्ठेने पुन्हा का विचारायचा? गुरुत्व आणि पुंजवाद यांचा मेळ घालू पाहणाऱ्या काही सिद्धांतांत ही सममिती कुठेतरी खोलवर भंगलेली असण्याची शक्यता आहे, हे कारण खरेच. पण मला त्यामागे कारागिराचा जुना धर्म दिसतो. सरळ उतरलेल्या रुळावरही तो पुन्हा डोळा लावतो, कारण त्यावरून माणसे जायची असतात. ज्यावर सर्वाधिक भार, त्याचीच परीक्षा सर्वाधिक कठोर. आणि अशा परीक्षेतून हाती आलेले शून्य मला अनेक शोधांहून मोलाचे वाटते.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा उभ्या राहायच्या आहेत. त्यांचा हेतू गुरुत्वीय लहरी टिपण्याचा, पण आरशांमध्ये प्रकाश घुमवण्याची विद्या हीच. ती वेधशाळा उभी राहील, तेव्हा आपल्या मुलांना तिथे जरूर घेऊन जा.