सदाफुलीतला क्लोरीन

आमच्या ओळखीचे एक काका मधुमेहावर उपाय म्हणून रोज सदाफुलीची पानं चावून खातात. अपाय होईल म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "अहो, झाडाचंच आहे. त्यात कसलं केमिकल?"

व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं याच झाडातून मिळतात. ती पेशींचं विभाजन थांबवतात. म्हणून औषधं, आणि म्हणूनच विषंही.

२०१० साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सारा ओ'कॉनर यांच्या गटाने सदाफुलीच्या मुळांत मातीतल्या जिवाणूंची जनुकं घातली. त्यांपासून बनणारी एन्झाइम्स ट्रिप्टोफॅनवर नेमक्या जागी क्लोरीनचा अणू बसवतात. पुढचं काम झाडाच्याच एन्झाइम्सनी केलं आणि अल्कलॉइडांत क्लोरीन आला. पण क्लोरीनवालं ट्रिप्टोफॅन मुळांत साचू लागलं. मग रेबएच या एन्झाइममधलं एकच अमिनो आम्ल बदललं. ते साखळीतल्या पुढच्या रेणूवर, ट्रिप्टामाइनवर, क्लोरीन बसवू लागलं आणि साचणं थांबलं.

हा निसर्गाशी खेळ आहे का? काकांच्या हिशोबाने, हो. पण क्लोरअँफेनिकॉल आणि व्हँकोमायसिन या प्रतिजैविकांतही क्लोरीन आहे, आणि तो बसवण्याची युक्ती मुळात मातीतल्या जिवाणूंची. म्हणजे 'नैसर्गिक' हे काही चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे.

मात्र "जिवाणू करतात, मग आम्ही का नको?" हा युक्तिवादही तितकाच लंगडा. मातीत क्लोरीन जोडणारे जिवाणू आहेत, तसे तो तोडणारेही आहेत. आपण घडवलेला नवा रेणू तोडणारा कुणी असेलच, याची हमी नाही. क्लोरीनमुळे रेणू अनेकदा शरीरात लवकर मोडत नाही. औषधात हा गुण ठरतो. डीडीटीही लवकर मोडत नव्हतं. त्याचा कीटक मारण्याचा गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं. ते पक्ष्यांच्या शरीरात साचतंय, हे नंतर कळलं.

म्हणून प्रश्न रेणू कुणी बनवला हा नसून, काम झाल्यावर तो कोण मोडणार, हा आहे. मुळांतलं साचणं संशोधकांना दिसलं, कारण त्यांचंच काम अडत होतं. नदीत साचलं तर बनवणाऱ्याचं काहीच अडत नाही. जिथे आपलं अडत नाही तिथेही बघत राहणं, एवढीच नैतिकतेची मागणी आहे. ती सोपी नाही.