काचेतल्या संसाराची जबाबदारी (गीता, अध्याय १८, श्लोक २५)



आजचं वाचन १८व्या अध्यायातला २५वा श्लोक. तामस कर्म कशाला म्हणायचं, ते भगवान इथे सांगतात. पुढे परिणाम काय होईल, नुकसान किती होईल, कोणाला इजा पोचेल आणि हे निभावण्याची आपली ताकद आहे का, या चार गोष्टी न बघता नुसत्या मोहापायी हातात घेतलेलं काम तामस. गंमत म्हणजे यात वाईट हेतूचा उल्लेखच नाही. म्हणजे मनात दया असली तरी काम तामस होऊ शकतं.

हा श्लोक आज घ्यायचं कारण म्हणजे पुण्यातल्या एका मित्राचा मेसेज. त्याच्याकडे ६० लिटरची टाकी आहे. मुलीसाठी सहा गप्पी मासे आणले, सहा महिन्यांत ऐंशीच्या वर झाले. दुकानदार म्हणतो, एखादा मोठा मासा सोडा, पिल्लं खाऊन टाकेल. घरी आई माळकरी, त्यांना हे ऐकवतही नाही. त्या म्हणतात, "नदीत सोडून ये, जीव वाचतील, पुण्य लागेल." मित्राने विचारलं, "तू रोज गीतेवर लिहितोस ना, मग सांग, यात धर्म कुठला?"

आधी गप्पीची गोष्ट समजून घेऊ. हा मासा अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्लं देतो. साधारण तीन-चार आठवड्यांनी एक वीण, आणि एका विणीत वीस-तीस पिल्लं सहज. पिल्लू जन्मल्याबरोबर पोहायला लागतं. मादी नराचं बीज पोटात काही महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे आज नर वेगळे केले तरी पुढच्या काही विणी होतच राहतात. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींसाठी हिशोब: एका मादीला महिन्याला ३० पिल्लं, त्यातल्या निम्म्या माद्या आणि त्या तीन महिन्यांत वयात आल्या असं धरा. चौथ्या महिन्यात आई आणि पहिल्या विणीतल्या १५ मुली मिळून ४८० पिल्लं. कागदावर.

प्रत्यक्षात एवढी जगत नाहीत, कारण मोठे मासे पिल्लं खातात, अगदी स्वतःचीसुद्धा. आपण मात्र दयेपोटी पिल्लांसाठी वेगळी पेटी लावतो, लपायला भरपूर वनस्पती ठेवतो, दिवसातून चारदा खायला घालतो. निसर्गाचा ब्रेक काढून घेतो आणि वर म्हणतो, "देवाची इच्छा!"

आता श्लोकातल्या चार कसोट्या लावून बघू.

पहिला पर्याय, काहीच न करणं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू तो निस्तरतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. गर्दी वाढली की आधी मासे मलूल होतात, मग आजार, मग रोज एक-दोन मेलेले. आपण कोणालाच मारलं नाही असं वाटतं, पण ती काच आपण बसवली, पाणी आपण भरलं. तिथून बाहेर जायला त्यांना वाट नाही. ही शरणागती नाही, हा आळस आहे.

दुसरा पर्याय, नदी. काकूंच्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण गप्पी मूळचा इथला नाही, दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडे आणला गेला, आरोग्य खातं तो आजही विहिरी-टाक्यांत सोडतं. पण मैल्या पाण्यातही तगणारा आणि भराभर वाढणारा मासा वाहत्या पाण्यात गेला की इथल्या छोट्या माशांचं अन्न आणि त्यांची अंडी-पिल्लं खाऊ लागतो. शिवाय टाकीतले रोगही सोबत जातात. जे ऐंशी जीव आपण डोळ्यांनी बघतो त्यांच्यावर दया, आणि जे दिसत नाहीत त्यांच्यावर संकट. याला पुण्य कसं म्हणायचं? कमोडमध्ये सोडणं तर नकोच.

तिसरा, शिकारी मासा. साठ लिटरमध्ये तो स्वतःच कोंडला जाणार, आणि त्याचं पोट भरायला गप्पींची वीण चालूच ठेवावी लागणार. प्रश्न सुटत नाही, हिंसेची रोजची सोय होते.

चौथा, नर-मादी वेगळे करणं. नर लहान, रंगीत, पोटाखालचा पर टोकदार. मादी मोठी, फिकट, तो पर पंख्यासारखा. पिल्लं महिन्याभराची झाली की ओळखू येतात, तेव्हाच वेगळी करायची. मग एका टाकीत फक्त नर ठेवायचे, आणि बाकीचे मासे नीट सांभाळतील अशा घरांत किंवा परत घेणाऱ्या दुकानात द्यायचे.

कोणी म्हणेल, हाही त्यांच्या स्वभावावर अन्यायच. थोडा आहे, हे मान्य. पण त्यांचं सगळं आयुष्य आपल्या हातात आपणच घेतलंय, अन्न आपलं, पाणी आपलं, उजेडसुद्धा आपला. मग वीण तेवढी "निसर्गावर सोडली" म्हणणं म्हणजे सोयीपुरतं वैराग्य. जो जन्मलाच नाही त्याला कोणी छळलं नाही. जो जन्मून गुदमरतोय, त्याचा जाब आपल्याला द्यायचाय.

तरीही पोटात बीज असलेल्या माद्या अजून काही विणी देणारच, आणि त्यातली बरीच पिल्लं मोठे मासे खाणार. ती वाचवायला वेगळी पेटी लावू नये, असं माझं मत आहे. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण याच अध्यायाच्या ४८व्या श्लोकात भगवान सांगतात की आगीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक कर्माबरोबर काही दोष येतोच. धुराला घाबरून चूल सोडून पळायचं नाही, आणि धूर नाहीच असंही म्हणायचं नाही. दोष कमीत कमी राहील असं काम निवडायचं आणि उरलेला दोष डोळे उघडे ठेवून मान्य करायचा.

मित्राला मी एवढंच कळवलं: आईंना सांग, माशांना सोडण्यात नाही, सांभाळण्यात पुण्य आहे. या आठवड्यात नर वेगळे कर, खाणं कमी कर, आणि लेकीला सोबत बसवून हे कर. जीव आणणं पाच मिनिटांचं काम असतं आणि निभावणं वर्षांचं, हे तिला आत्ताच कळू दे.

आजचा अभ्यास: नवीन काही घरी आणण्याआधी, मासा असो, कुत्रा असो की एखादी जबाबदारी, त्या चार गोष्टी स्वतःला विचारा. परिणाम, नुकसान, इजा, आपली ताकद. उत्तर आलं की मगच "हो" म्हणा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.