चेंडू आपल्याकडे येत नाही तेव्हा

किपलिंग विल्यम्स हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. फ्रिस्बी खेळणाऱ्या दोन अनोळखी माणसांची चकती त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे टाकली आणि थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला. मग काही न बोलता ते दोघे आपापसातच खेळू लागले. एवढ्याशा गोष्टीचं विल्यम्सना भलतंच लागलं. दुसरा कुणी चरफडत घरी गेला असता. यांनी त्यातून प्रयोग बेतला.

त्याचं संगणकावरचं रूप म्हणजे ‘सायबरबॉल’. तिघांनी एकमेकांकडे चेंडू टाकायचा. बाकीचे दोघे खरे खेळाडू आहेत असं आपल्याला सांगितलेलं असतं. थोड्या वेळाने आपल्याकडे चेंडू यायचाच बंद होतो. २००३ साली नेओमी आयझेनबर्गर आणि मॅथ्यू लीबरमन यांनी विल्यम्सना सोबत घेऊन १३ जणांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना हा खेळ खेळायला लावला. शारीरिक वेदनेतली ‘नको हे’ ही भावना जिथे उमटते, तो अँटेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्सचा भाग वगळलं जाताच जागा झाला. ज्याला जास्त वाईट वाटलं, त्याच्यात जास्त. एवढंच नव्हे, तर सुरुवातीला ‘तांत्रिक अडचण आहे, तूर्त नुसतं बघा’ असं सांगितलं तेव्हाही तो जागा झाला होता. कुणी मुद्दाम डावललेलं नव्हतं, तरीही.

यावरून ‘मन दुखणं म्हणजे अंग दुखणंच’ असा गवगवा झाला. २०१० साली एका चमूने रोज पॅरासिटामॉल घेणाऱ्यांचं मन कमी दुखावतं असंही दाखवलं, आणि प्रेमभंगावर गोळी निघाल्याच्या थाटात बातम्या छापून आल्या. मला हा उत्साह अंमळ जास्त वाटतो. मेंदूचा तो भाग इतरही शंभर कामांत डोकावतो. २०१४ साली टोर वेगर यांच्या गटाने बारकाईने पाहिलं तेव्हा चटक्याचा आणि नकाराचा नमुना वेगवेगळा निघाला. एकाच चाळीत दोन बिऱ्हाडं राहतात म्हणून ती एक कुटुंब होत नाहीत.

स्वीकाराची बाजूही पैशासारख्या रोकड्या गोष्टीशी जोडलेली आहे. २००८ मधल्या एका जपानी अभ्यासात, लोक आपल्याबद्दल चांगलं बोलले हे वाचताना मेंदूतला स्ट्रायटम नावाचा जो भाग चेतला, तोच पैसे जिंकल्यावरही चेतला होता. कौतुकाला हपापलेल्यांना हसताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण मला सगळ्यात विचारात पाडतो तो स्कॅनरविना झालेला एक प्रयोग. खेळातले बाकीचे दोघे कू क्लक्स क्लॅनचे, म्हणजे अमेरिकेतल्या कडव्या वर्णद्वेषी संघटनेचे आहेत, असं खेळणाऱ्यांना सांगितलं गेलं. ज्यांचं तोंड पाहायची इच्छा नाही, त्यांनी चेंडू दिला नाही, तरी लागायचं ते लागलंच. दुसऱ्या एका प्रयोगात समोर माणूस नाही, संगणक आहे, असं आधीच सांगून पाहिलं, तरी तेच. डावलणारा कोण, त्याची लायकी काय, हा विचार मागाहून येतो. कळ त्याच्या आधी येऊन गेलेली असते. ‘दुर्लक्ष कर, त्यांची किंमत ती काय’ हा आपला लाडका सल्ला म्हणूनच उशिरा पोचतो.

हे आपल्याकडे जातपंचायतींना प्रयोगशाळेविना ठाऊक होतं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. फक्त कुणी बोलायचं नाही, लग्नाकार्याला बोलवायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. वाळीत टाकलेल्याने दाद मागितली, तर ‘तुला कुणी हात तरी लावला का?’ हा प्रश्न तयार. अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. देशातला असा पहिला. २०१६ चा हा कायदा २०१७ मध्ये अमलात आला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. हात न लावता केलेली इजाही इजाच, हे त्याने मानलं. साक्ष मात्र त्याच गावातून, त्याच जातभाईंकडून मिळवावी लागते, आणि तोंड उघडलं तर पुढची पाळी आपली, हे त्यांना पक्कं माहीत असतं.