दिवा तिथं, उजेड इथं

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



महाराजांनी देह ठेवला त्याला आता वर्ष होईल. गेल्या गुरुवारी काचीगुड्याच्या सत्संगात एका ज्येष्ठ ताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "महाराजच नाहीत, मग आता इथं यायचं कशासाठी?" आम्ही गप्प बसलो. खरं सांगायचं तर हाच प्रश्न आम्हालाही छळतो आहे.

त्या रात्री गच्चीवरून रोहिणी दिसली, तांबूस. तिचा उजेड इथवर पोचायला सुमारे 65 वर्षं लागतात. आपल्यातले पुष्कळजण जन्मलेही नव्हते तेव्हा निघालेला हा उजेड! एकदा निघाला की तो रोहिणीवर अवलंबून नाही. मध्येच ती विझली असती तरी तो वाटेत थांबला नसता.

आणखी एक गंमत आहे. धावत्या गाडीतून पुढे फेकलेल्या चेंडूला गाडीचा वेग मिळतो, उजेडाला मिळत नाही. दिवा आपल्याकडे येत असो की लांब जात असो, उजेड सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटरच. आइन्स्टाइन यांनी हे 1905 साली मांडलं. 1913 मध्ये डी सिटर या डच शास्त्रज्ञांनी जोडताऱ्यांचा दाखला दिला. एकमेकांभोवती फिरताना एक तारा आपल्याकडे येतो, दुसरा लांब जातो. उजेडाला ताऱ्याचा वेग चिकटला असता तर मागून निघालेला उजेड पुढच्याला गाठून गेला असता, आणि त्यांचं फिरणं आपल्याला विस्कटलेलं दिसलं असतं. तसं दिसत नाही.

महाराज कधी रागावून बोलले, कधी मायेनं. आपण अजून त्यातच अडकलोय, मला ओरडले, त्याला जवळ घेतलं. सांगणं मात्र दोघांना एकच होतं, नाम सोडू नका.

आपल्या हैदराबादेतच बघा. नवाब जफर जंग यांनी 1901 साली फिसलबंड्याला वेधशाळा काढली. ते गेले. पुढे सरकारनं ती चालवली, बेगमपेठेला नेली, आणि सात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या जागा तिथं मोजल्या गेल्या. नवाबांना ते बघायला मिळालं नाही.

एक मात्र आहे. उजेड वाटेत असताना बाजूनं दिसत नाही, दोन ताऱ्यांमधली जागा काळीच राहते. कशावर तरी पडला, कुणाच्या डोळ्यांत शिरला, तरच तो दिसतो.

ताई, येत्या गुरुवारी सायंकाळी 7 वाजता याच. हरिपाठ तुम्ही सांगायचा आहे. महाराजांची ती चाल आता फक्त तुम्हालाच येते.