स्तुतीची पळवाट

मातेची थोरवी गाण्यांत आपला समाज कधीं कमी पडला नाहीं. परंतु ही स्तुति सोयीची कोणाच्या, हा प्रश्न मला पडला तो फार उशिरां, आणि तोही दुसऱ्या कोणी पाडला म्हणून.

आमच्या शेजारच्या घरीं एक चौदा वर्षांचा मुलगा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. वाढत्या मेंदूला एकदां झालेली ही इजा पुढें वाढत नाहीं. मूल मात्र वाढतें, आणि सारी बिकट गोष्ट येथेंच आहे. लहानपणीं कडेवर मावणारा हा मुलगा आज पस्तीस किलोंचा आहे. आईची कंबर तीच. पाय ताठरलेले, म्हणून आंघोळ, कपडे, शौच सारें तिच्या हातून. ठसका लागूं नये म्हणून मान सांवरून मऊ भाताचे घास भरवावयाचे. एका जेवणास तास जातो. रात्रीं कूस बदलून देण्यास तीच उठते. मुलाला बोलतां येत नाहीं, पण समजतें सर्व. वडील प्रेमळ गृहस्थ आहेत. ते ‘मदत’ करतात. (हा शब्दच पुरेसा बोलका आहे.)

एकदां मी त्या बाईंस म्हणालों, “तुम्ही खरोखर देवता आहांत.” त्या शांतपणें म्हणाल्या, “सर, देवता नका म्हणूं. रविवारीं दोन तास याच्याजवळ बसाल का? मला नुसतं झोपायचं आहे.” मी कांहींतरी सबब सांगितली. ती आज आठवत नाहीं. तिची लाज मात्र वाटते. देवता थकत नाहीं, असें एकदां मानलें कीं तिला ‘दमलांत का’ असें विचारण्याचें कारणच उरत नाहीं.

दोष शोधण्यांत मात्र आपण तत्पर. ग्रहण, पूर्वजन्म, आईचें खाणेंपिणें! लंडनच्या डॉ. लिट्ल यांनीं १८६२ मध्यें कष्टप्रसूतीकडे बोट दाखविलें. १८९७ मध्यें फ्रॉइडनें (होय, तोच फ्रॉइड) मूळ गर्भावस्थेंतही असूं शकेल असें म्हटलें, आणि आजचें शास्त्र बहुतांशीं त्याच्या बाजूचें आहे. म्हणजे बहुधा दोषी कोणीच नाहीं. पण जेथें दोष कोणाचा नाहीं तेथें कर्तव्य कोणाचें? आपला अलिखित न्याय असा, कीं ज्याचें प्रेम अधिक त्याचें. मला हा न्याय मान्य नाहीं. प्रेम हें ओझें उचलण्याचें कारण असेल; इतरांनीं हात न लावण्याचें कारण तें कसें होईल?

मुंबईंत १९७२ मध्यें मिठू अलूर यांनीं अशा मुलांसाठीं शाळा काढली, ती स्वतःच्या मुलीच्या निमित्तानें. म्हणजे पुन्हां एका आईनेंच. ‘माझ्यामागें याचें कोण?’ या प्रश्नास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें पालक नेमण्याची वाट करून दिली. तें योग्यच झालें. पण कायदा रात्रीं कूस बदलून देत नाहीं.

अखेर मी रविवारीं जाऊं लागलों. पहिल्या दिवशीं मुलानें माझ्या हातून एकही घास घेतला नाहीं, आणि बाई तीनदां दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. परवां मात्र आंतून घोरण्याचा आवाज आला. मुलानें माझ्याकडे पाहिलें, आणि तो मोठ्यानें हंसला.