शक्ती, प्रतिबंधक आणि उत्तेजक : सातपुड्यातील थंड इंजिनाच्या निमित्ताने

कारण जसेच्या तसे हजर असूनही कार्य घडत नाही, तेव्हा त्या कारणातले काही नाहीसे झालेले असते, की बाहेरून आलेले काही त्याच्या आड उभे असते, हा भारतीय दर्शनांच्या कार्यकारणविचारातील एक कळीचा प्रश्न आहे. त्याचे रोजच्या व्यवहारातले उदाहरण नंदुरबार जिल्ह्यात सापडते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा तापीकाठचा सपाट प्रदेश उन्हाळ्यात चाळिशीपलीकडे तापतो. मात्र उत्तरेकडील सातपुड्यात, सुमारे १,१५० मीटर उंचीवरील तोरणमाळ आणि अक्कलकुवा तालुक्यातील डाब या परिसरात, कडाक्याच्या हिवाळ्यात पारा इतका उतरतो की काही पहाटे गवतावरचे दवबिंदू गोठतात. अशा पहाटे कितीही सेल मारला तरी न उठणारी जुनी डिझेल जीप दुपारी पहिल्याच सेलला चालू होते. इंजिन तेच, डिझेल तेच आणि चालकही तोच असताना सकाळी जे नव्हते ते दुपारी कोठून आले, असा प्रश्न येथे उभा राहतो.

प्रथम यंत्राची बाजू पाहिली पाहिजे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती कित्येकशे अंशांपर्यंत तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. थंडीत मात्र सिलिंडरचे गार लोखंड ही उष्णता शोषून घेते, घट्ट झालेले ऑइल फिरणाऱ्या भागांना जखडते, आणि बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावल्यामुळे सेल जड फिरतो. सेल जड फिरला की दाबलेल्या हवेला गार होण्यास व फटींतून निसटण्यास अधिक अवधी मिळतो. म्हणजे डिझेलचा पेट घेण्याचा स्वभाव शाबूत असतो, पण तो प्रकट होण्याइतके तापमान साधत नाही.

प्राचीन ग्रंथांत हाच पेच अग्नी आणि मणी यांच्या उदाहरणाने मांडला जातो. विशिष्ट मणी जवळ ठेवला असता अग्नी जाळत नाही आणि तो दूर करताच जाळू लागतो, असे गृहीत धरून मीमांसक म्हणतात की अग्नीत दाहाची ‘शक्ती’ नावाचा एक अदृश्य, स्वतंत्र पदार्थ असतो. मण्यामुळे ती शक्ती नष्ट होते आणि मणी काढल्यावर पुन्हा उत्पन्न होते. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचानन यांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त या मताचे खंडन आहे. नैयायिकांच्या मते कार्य एका कारणाने घडत नाही. ते ‘सामग्री’ने, म्हणजे आवश्यक कारणांच्या संपूर्ण समुदायाने घडते, आणि ‘प्रतिबंधका’चा, म्हणजे कार्य अडवणाऱ्या वस्तूचा, अभाव हाही त्या समुदायाचा एक घटक असतो. एवढे मानले की मणी येता-जाता नष्ट होणाऱ्या आणि पुन्हा जन्मणाऱ्या अनंत शक्तींची कल्पना करण्याचे कारण उरत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. वैशेषिक दर्शन शीत स्पर्शाला जलाचा स्वतंत्र गुण मानते, तर आधुनिक भौतिकशास्त्राच्या दृष्टीने थंडी ही वस्तूच नव्हे, ती केवळ उष्णतेची कमतरता आहे. मग जे मुळात नाही ते प्रतिबंधक कसे होणार? उत्तर असे की जीपला अडवणारी गोष्ट थंडी ही अमूर्त कल्पना नसून उष्णता खेचून घेणारे लोखंड आणि गतीला विरोध करणारे ऑइल आहे. या दोन्ही भावरूप वस्तू असून त्यांचे काम प्रत्यक्ष घडते. तेव्हा प्रतिबंधकाची कल्पना येथे टिकते, फक्त तो नेमका कोणता हे बारकाईने ठरवावे लागते.

नैयायिकांचे खरे सूक्ष्मत्व पुढच्या पायरीवर दिसते. मणी जवळ असतानाच ‘उत्तेजक’ नावाची आणखी एक वस्तू आणली, तर मणी न हलवताही अग्नी जाळू लागतो. म्हणून प्रतिबंधकाचा नुसता अभाव कारण नसून उत्तेजकाची साथ नसलेल्या प्रतिबंधकाचा अभाव कारण आहे, असा परिष्कार ते करतात. थंडीतील चालकाची कृती या भेदाला अनुसरूनच असते. तो चावी अर्धी फिरवून थांबतो, डॅशबोर्डवरील वेटोळ्याच्या आकाराचा दिवा विझेपर्यंत वाट पाहतो आणि मगच सेल मारतो. तेवढ्या अवधीत सिलिंडरच्या माथ्याशी बसवलेल्या हीटर प्लगचे टोक लालभडक होते. लोखंड गारच राहते, ऑइल घट्टच राहते, तरी त्या एका तप्त बिंदूपाशी डिझेल पेट घेते. याउलट कॅनडातील विनिपेगसारख्या शहरात, जेथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो, इंजिनाचा ठोकळाच विजेच्या हीटरने आधी तापवून ठेवतात. तेथे प्रतिबंधकच दूर केला जातो. लडाखसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलेले, उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल हा तिसरा प्रकार असून त्यात मूळ सामग्रीतील एक घटकच बदललेला आहे.

धर्मविचारात हा भेद दुर्लक्षून चालत नाही. साधनेने नवे काही निर्माण होत नाही, केवळ आवरण दूर होते, असे सांगताना पतंजलींच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादात शेतकऱ्याचा दाखला येतो : तो पाणी ढकलत नाही, बांध फोडतो आणि पाणी आपल्या स्वभावाने वाहते. पण सर्व मल धुतले जाईपर्यंत काहीच घडणार नसेल, तर सामान्य साधकाला आशेला जागा राहत नाही. तोरणमाळला गोरक्षनाथांचे स्थान असून महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. त्या नाथपरंपरेत गुरूला दिलेले केंद्रस्थान न्यायाच्या परिभाषेत उत्तेजकाचे म्हणता येईल. शिष्याचे दोष तत्काळ नष्ट होत नाहीत, तरीही गुरूच्या सान्निध्यात ते ज्ञानाला रोखू शकत नाहीत.

या विवेचनातून मीमांसकांचा पक्ष सर्वस्वी त्याज्य ठरतो असे नाही, कारण बॅटरीसारख्या वस्तूची क्षमता थंडीत खरोखरच घटते आणि उबेने परतते, हे तो सहज समजावून देतो. तथापि ‘शक्ती नाही’ हे उत्तर मिळाले की शोध तेथेच थांबतो, मग ते उत्तर यंत्राविषयी असो, विद्यार्थ्याविषयी असो वा साधकाविषयी; ‘प्रतिबंधक कोणता आणि त्याला उत्तेजक काय’ असे विचारले की शोधाला दिशा मिळते. म्हणून कोणालाही असमर्थ ठरवण्यापूर्वी संपूर्ण सामग्री तपासण्याचा भार तसा निर्णय देणाऱ्यावरच पडतो.